बॅटरी खाणारा पहारा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आलो बाबा एकदाचा! नांदेडहून सकाळची एसटी धरली, उदगीरला बदलली, देवणीला उतरलो. तिथून कल्लेवाडीपर्यंत काळीपिवळीत असं कोंबलं की माझा गुडघा कोणता आन् शेजारच्या मामाचा कोणता, ते उतरल्यावरच कळलं. पण गाव बघून जीव खूश झाला. वडाखाली गाडी थांबते, समोरच दुकान. पाटी नवी कोरी, 'वीरण्णा मोबाइल, सर्व प्रकारची दुरुस्ती'. त्यातली दुरुस्ती म्हणजे मी, हरिओम. नांदेडला स्टेशनसमोर दुसऱ्याच्या टपरीत कोपऱ्यात टेबल लावून बसायचो, इथं अख्खं दुकान माझ्या हाताखाली.

ही वही वर्षाराणीच्या हुकमावरून. वर्षाराणी म्हणजे माझी बायको. सध्या कंधारला माहेरी आहे, नववा लागलाय. डॉक्टरनं डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितलाय. म्हणते, फोनवर तू नुसतं हाव-हाव करतोस, सांगत काहीच न्हाईस. रोजचं लिहून ठेव, बाळंतपणात पडल्या पडल्या वाचीन. तर बाईसाहेब, वाचा. मालक वीरण्णा माणूस गोड आहे. कपाळाला भस्म, तोंडात पान, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. पहिल्या भेटीतच मी सांगून टाकलं, बाकी काही मागत न्हाई, पण पहिली कळ आली की मी कंधारात पाहिजे. आमचं पहिलं लेकरू आहे, त्याला मला हातात घ्यायचंय. ते म्हणाले, हाव की, बापानं जायलाच पाहिजे.

राहायला रत्नम्मा अव्वांच्या घरात एक खोली मिळाली. अव्वा ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. कितीही वाजता घरात पाय टाका, जेवलास का म्हणून कानडीत विचारतात आन् उत्तराची वाट न बघता भाकरी वाढतात. माझं पोट सुटणार इथं.

५ नोव्हेंबर, बुधवार

काय गर्दी, काय गर्दी! आणि तमाम गावाचं दुखणं एकच. सकाळी भरलेला फोन दुपारच्या भाकरीला मेलेला. मी आधी नेहमीचं करून पाहिलं. स्क्रीनचा उजेड कमी केला, लोकेशन बंद केलं, नको ती ॲपं उडवली. एका आजोबांनी टॉर्चची तीन ॲपं घेऊन ठेवली होती, फोनचा स्वतःचा टॉर्च वेगळाच. मी म्हटलं, आजोबा, तुम्हाला विहीर शोधायचीय का? लई हसले. पण दुसऱ्या दिवशी तेच आजोबा तोच मेलेला फोन घेऊन दारात हजर. वीरण्णांनी मी यायच्या आधी कित्येकांच्या बॅटऱ्याच बदलून दिल्या होत्या, तरी फरक न्हाई. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हताच.

एक गंमत लिहून ठेवतो. इथली माणसं फोन अंगावेगळा करीत न्हाईत. म्हशीमागं फिरणाऱ्या बायासुद्धा कमरेला खोचून हिंडतात. काउंटरवर ठेवा म्हटलं तर ठेवतात, पण एक बोट त्याच्यावर टेकवून उभे राहतात. चार्जिंगला लावतात तेही हातात धरून. मी म्हटलं असेल बाबा, नवीन नवीन हौस.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडला चोर!

वर्षा, तुला कळेल असं लिहितो. आपण ॲप बंद केलं असं आपल्याला वाटतं, पण काही ॲपं मागं चालूच राहतात. तू कुठं आहेस ते बघत राहतात, नेट ओढत राहतात, फोनला झोपू देत न्हाईत. सेटिंगमध्ये बॅटरीत गेलं की कोण किती खाऊन राहिलं ते दिसतं. आज बसून एकेक फोन उघडला. सगळ्यांत एकच नाव वर, 'पहारा'. बाकी सगळ्या ॲपांनी मिळून खाल्लं त्याच्या दुप्पट हे एकटं खातंय. उघडलं तर काळी स्क्रीन आणि मधोमध एक बारीक रेघ. बटन न्हाई, काही न्हाई. रेघ थरथरत होती. कान लावला तर वीणेची तार छेडल्यासारखा आवाज, लई बारीक. आवाज पार खाली केला तरी तो जाईना. थोड्या वेळानं त्या फोनातली रेघ थांबली आन् शेजारच्या फोनातली थरथरू लागली. एकाचं झालं की दुसऱ्याचं.

वीरण्णांना विचारलं. त्यांनी पान थुंकलं आणि सांगितलं, ते गावाचं आहे. सप्ताहात वीणेचा पहारा असतो ना, तसं. वीणा खाली टेकवायची न्हाई, कुणीतरी उभं राहून धरायची, दुसऱ्यानं येऊन हात पुढं केला की त्याच्याकडं द्यायची. इतर गावांचा सप्ताह आठव्या दिवशी उठतो. कल्लेवाडीचा भूकंपाच्या साली बसला, तो उठलाच न्हाई. पुढं पोरं पुण्याला, हैदराबादला गेली, पहाऱ्याला माणूस पुरेना. तेव्हा त्यांचा पुतण्या शिवकुमार, कॉम्प्युटर शिकलेला, त्यानं पहारा फोनात बसवून दिला. आता पाळी आपोआप फिरते, कुणाला उभं राहावं लागत न्हाई. फोन तेवढा अंगाला पाहिजे.

मला तर लई कौतुक वाटलं. वीरण्णा म्हणाले, तुम्ही बॅटरीचं बघा, पण ते ॲप काढू नका. काढू नका, हे दोनदा बोलले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काढायचं न्हाई ना? न्हाई काढत! हरिओमच्या डोक्याला तोड न्हाई, वर्षाराणी, कबूल कर.

ॲप तसंच ठेवायचं, फक्त त्याला मागं चालायला बंदी घालायची. घरातल्या पाव्हण्याला बाहेर काढायचं न्हाई, नुसतं ओसरीवर बसवायचं. आधी स्वतःच्या फोनावर प्रयोग करावा म्हटलं. वीरण्णा फोन हातात धरून उभे होते. मी हात पुढं केला, म्हटलं आणा इकडं, आणि त्यांच्यातून ॲप माझ्या फोनात घेतलं. मग बंदी घातली. संध्याकाळपर्यंत बॅटरी जशीच्या तशी! मग काय, दुकानासमोर रांग. एकेकाच्या फोनात जाऊन बंदी, बंदी, बंदी. वीरण्णांनी पेढे वाटले. एक बाई म्हणाली, दहा वर्षांत पहिल्यांदा फोन घरात ठेवून नदीवर गेले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बॅटरीसाठी कुणी रडतं का, मला हसूच आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जरा भलतंच झालं.

सगळ्या गावाचे फोन झाले होते, अव्वांचा तेवढा राहिला होता. त्या देत नव्हत्या. पण लेकीशी बोलता बोलता फोन मेला, तेव्हा वैतागून दिला. दुपारची वेळ, ओसरीवर बसून मी त्याच्यातही बंदी घातली. घातली आन् पायाखाली घरघर सुरू झाली. जमिनीत कुणी मोठं जातं ओढतंय तशी. मांडणीवरची ताटं वाजायला लागली. कुत्रं उठून सरळ गावाबाहेर पळालं. मला वाटलं ट्रक असेल, पण रस्त्यावर काही नव्हतं.

अव्वांनी माझा हात असा धरला की नखं रुतली. तुझ्या फोनातलं उघड, उघड, एवढंच ओरडत होत्या. उघडलं. रेघ हलली, तार वाजली, आणि घरघर थांबली. अव्वा मग पाणी प्यायल्या आणि त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर इथली जमीन रोज बोलायची. भिंती उभ्या राहीनात. सप्ताह बसला तेव्हा गप्प झाली, आणि वीणा खाली टेकली की पुन्हा बोलायची. म्हणून सप्ताह उठवला न्हाई.

तहसीलचे लोक मागं येऊन गेलेत म्हणे. जमिनीखालच्या पाण्याचा आवाज असतो, घाबरू नका म्हणाले. मीही तेच धरून चाललोय. पण ॲप बंद करायचा धीर झाला न्हाई. आत्ता डाव्या हातात फोन आहे, उजव्या हातानं लिहितोय.

१६ नोव्हेंबर, रविवार

बंदी उठत न्हाई. सेटिंगमध्ये ते बटन पांढुरकं पडलंय, दाबलं तरी दबत न्हाई. मीच घातलेली बंदी मलाच काढता येईना, हसावं का रडावं! मागं चालायची बंदी म्हणजे ॲप फक्त समोर चालणार. स्क्रीन चालू पाहिजे. स्क्रीन झोपली की तार थांबते, तार थांबली की खालून सुरू. स्क्रीन झोपायची वेळ वाढवून वाढवून अर्ध्या तासावर नेली, त्याच्या पुढं जात न्हाई. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत बोट लावायचं. टेबलावर ठेवून पाहिला, लगेच थांबतो. खिशात घालून पाहिला, थांबतो. हातातच लागतो.

बाकीच्यांच्या फोनात ॲप उघडतं आन् मिटतं. दुकानातल्या जुन्या डबड्यांत टाकून पाहिलं, तेच. नुसता फोन चालत न्हाई, फोनाला माणूस लागतो. आणि सध्या तो माणूस मी आहे. माझं सिम काढून एका जुन्या फोनात घातलंय, वर्षाचा फोन त्याच्यावर येईल.

घाबरण्यासारखं काही न्हाई. उद्या वीरण्णांना सांगतो, घ्या बुवा तुमचं तुम्ही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. वीरण्णा म्हणाले, हाव हाव, घेतो की, आज जरा हरभऱ्याचं बघायचंय, उद्या. काल म्हणाले, उद्या. आज दुकानातच आले न्हाईत.

मी गल्लीत निघालो. हातात ही चालू स्क्रीन. ज्यानं त्यानं नमस्कार केला, तोंडानं. हात न्हाई जोडले. मग नीट बघितलं. सगळ्यांचे हात पाठीमागं होते. पारावरचे म्हातारे, नळावरच्या बाया, ते टॉर्चवाले आजोबा. मी जवळ गेलो की हात मागं. एका बाईच्या हातात कळशी होती, तिनं ती सोडली. पाणी सांडलं तरी वाकली न्हाई.

जेवण मात्र घरोघरून येतंय. आज पुरणपोळी होती. ताट उंबऱ्यावर ठेवून जातात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिवकुमारचा नंबर अव्वांकडं मिळाला. जुन्या फोनावरून लावला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं सांगितलं. शेवटी शेवटी गावात वीणा घ्यायला कुणी येईना, आणि ती त्याच्या वडलांच्या हातात राहिली. हात पुढं करणारा आलाच न्हाई. उभ्या उभ्या गेले ते. पडताना वीणा टेकली आणि त्याच दिवशी देवळाची भिंत बसली. म्हणून त्यानं पहारा फोनांत वाटला, की ओझं सगळ्यांत थोडं थोडं फिरावं, पुन्हा एकट्याच्या माथी येऊ नये.

आणि मी ते एकेकाच्या फोनातून उचलून एकट्याच्या हातात गोळा केलं. बॅटरी वाचावी म्हणून! मायला, काय करून बसलो मी.

विचारलं, आता सुटायचं कसं. तो म्हणाला, नियम वीणेचाच आहे. समोरच्यानं आपणहून हात पुढं करून तुमच्या हातातून घ्यायचा. बळजबरी चालत न्हाई. आणि मग म्हणाला, तुम्ही घेतला तेव्हा हात कुणी पुढं केला होता?

त्यानंतर तो फोन उचलत न्हाई.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वायरला बांधलेलं जनावर झालोय. ही स्क्रीन आणि हे ॲप मिळून बॅटरी बघता बघता संपवतात, म्हणून सारखं प्लगपाशी बसावं लागतं. अव्वांच्या भिंतीत एकच प्लग आहे. वायर पुरते तेवढंच माझं गाव. लाइट गेली की पॉवर बँक. तीही गावानंच आणून उंबऱ्यावर ठेवली, भरून, एकाला दोन. बॅटरी वाचवायच्या सगळ्या खटपटी करून झाल्या. नेट बंद, सिम न्हाई, उजेड एवढा कमी की डोळे फुटतील. तरी खातंच आहे.

झोप अर्ध्या अर्ध्या तासाची. परवा एकदा डोळा लागला तो लागलाच. अव्वांच्या माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेलीय.

अव्वांना विचारलं, तुम्ही का घेत न्हाई हो? विचारायला नको होतं. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. बोटं संधिवातानं वाकडी, भाकरीसुद्धा कशी थापतात देव जाणे. रडल्या. मीही रडलो.

वर्षाला सगळं सांगितलं. ती म्हणते, तुला ताप आहे का? डॉक्टरकडं जा. मग म्हणाली, तारीख जवळ आलीय, तू येणार ना?

येणार ना म्हणे.

४ डिसेंबर, गुरुवार

कळा सुरू झाल्या. सासूचा फोन आला आणि मी उठलोच. गेलं खड्ड्यात गाव! फोन हातात, बँक खिशात, देवणीकडं जाणारी काळीपिवळी पकडली. मनात म्हटलं, चालूच ठेवतो आणि जातो, कंधारातही हातातच धरतो.

ओढा ओलांडला, कल्लेवाडीची शीव संपली, आणि ॲप आपलं आपण मिटलं. पुन्हा उघडलं, मिटलं. ते जागा बघतं. मागं चालून दिवसभर तेच तर बघत बसायचं.

मी गाडी थांबवली न्हाई. खरं लिहितो, वर्षा, न्हाई थांबवली. डोळे मिटून बसलो. लेकरू, लेकरू, एवढंच डोक्यात. मग जुना फोन वाजला. वीरण्णा. अव्वांच्या माजघराची भिंत पडली. अव्वा खाली आहेत, जिवंत आहेत, ओरडून राहिल्यात. फोनात ऐकू येत होतं. आणि त्या ओरडण्यामागं ती घरघर.

उतरलो. पळत आलो. ओढ्याच्या अलीकडं पाय पडला, तार वाजली, सगळं गप्प झालं.

अव्वांचा पाय गेला. उदगीरला नेलंय.

मुलगी झाली. सहा वाजता.

५ डिसेंबर

जुन्या फोनावर बघितली. काच फुटकी आहे, तिच्या तोंडावर आडवी चीर येते. वर्षा फोन नुसता लेकीवर धरून होती. सासू मागून म्हणाली, असला कसला बाप.

लेकीनं मूठ उघडली. मिटली.

खोली बदलली. आता मी देवळाच्या बाजूच्या खोलीत. गावानंच आणून बसवलं, मला मध्ये घेऊन, हात न लावता, चारी बाजूंनी चालत.

१६ डिसेंबर

बारसं झालं. माझ्याविना. शिवांगी नाव ठेवलं. चांगलं आहे.

डाव्या हाताची बोटं सरळ होत न्हाईत. अंगठ्याला घट्टा पडलाय. जेवण लई चांगलं येतं. दारात फुलंही ठेवतात आता. मला फुलं नकोत. एक हात द्या रे.

आज मोठ्यानं ओरडलो तसं. पारावर सगळे बसले होते. कुणी उठलं न्हाई. वीरण्णांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटतंय. खरंच वाटतंय, दिसतं ना. पण हात मांडीखाली.

२९ डिसेंबर

चक्कर आली. पडलो. फोन सुटला न्हाई, पण सुटला असता. सगळं गाव दाराशी जमलं. बघत होते. आपसात कानडीत बोलले. कळलं थोडं —

हा टिकत न्हाई म्हणत होते. पुढचं बघायला पाहिजे.

३ जानेवारी

वर्षाचा फोन. आवाज बदललेला, खुशीतला. वीरण्णांची बायको तिच्याशी रोज बोलते म्हणे. किती दिवस? महिनाभर. तिला सांगते, तुमचे यजमान आजारी आहेत, तुम्हाला बघायला तळमळून राहिलेत, सव्वा महिना झाला की लेकीला घेऊन या, आम्ही साडीचोळी करू.

नको म्हटलं. ओरडलो. येऊ नको, येऊ नको.

ती म्हणाली, का? तिथं कुणी दुसरी आहे का?

हो म्हणायला पाहिजे होतं. सुचलंच न्हाई. मी म्हटलं, तूच एक आहेस.

मग तर येणारच म्हणाली.

९ जानेवारी

जुना फोन दिसत न्हाई. उशाशी होता. कोण घेऊन गेलं —

हात न लावता कसं नेलं. का हात लावला? मग हातांना काही होत न्हाई त्यांच्या. फक्त माझ्यापुढं —

कुणाला सांगू तिला येऊ नको म्हणून. दारातून ओरडलो, काळीपिवळीवाल्याला. त्यानं हॉर्न वाजवला. गेला.

१० जानेवारी

ठरवलं. ती आली तरी दार उघडायचं न्हाई. कडी आतून.

कडी न्हाई या दाराला. होती. काढलीय. भोकं तेवढी आहेत.

ती जवळ आली की फोन पाठीमागं धरायचा. हात मागं. सगळे धरतात तसा.

११ जानेवारी, रविवार

हलगी वाजून राहिली. वडाखाली गाडी थांबली. खिडकीतून दिसतंय — हिरवी साडी, वर्षा. कुशीत गुंडाळलेलं. वाळलीय किती. बाया तिची ओटी भरतायत, लेकीच्या गालाला हात लावतायत. सगळ्यांचे हात मोकळे. हसतायत.

इकडं बोट दाखवलं.

वर्षा, वाच. आत आलीस की आधी हे वाच. फोनाला हात लावू नकोस. मी काहीही म्हटलं तरी. मी रडलो तरी. हात पुढं करू नकोस, फक्त —

आली. दारात. नुसती बघतेय. वही पुढं ढकलली. बघितलं न्हाई तिनं, परत ओढून घेतली. रडतेय. काय हाल करून घेतलेस म्हणते.

हात मागं केला. केलाय. मागंच आहे.

लेक जागी आहे. माझ्याकडं बघतेय. डोळे आईचे.

घे म्हणते. बापाकडं जाते म्हणते. दोन्ही हातांनी घे, मान धरत न्हाई अजून —

न्हाई वर्षा. मी इथूनच —

मूठ उघडली लेकीनं. किती जवळ आहे. दुधाचा वास —

माझा डावा हात पुढं आलाय. मी न्हाई आणला. मी —

वर्षा म्हणते, आण तो फोन इकडं, मी धरते, तू आधी लेकीला घे. हात पुढं केला तिनं. म्हणते एवढ्याशा फोनासाठी काय रे, मी धरते ना, दे —